तारीख स्वतः पाहावी : ई-कोर्ट्सवर आपले प्रकरण शोधण्याची आणि त्याचा मागोवा घेण्याची पद्धत

माझ्या नात्यातील एक मावशी वाटपाच्या दाव्यात वादी आहेत. तालुक्याच्या न्यायालयात येण्यासाठी त्या पहाटेची एसटी पकडतात आणि पिशवीत इतर कागदांबरोबर एक चिठोरी जपून आणतात, जिच्यावर पुढील तारीख पेनाने लिहिलेली असते. एकदा त्या चिठोरीवरचा २ हा आकडा ७ असा वाचला गेला. मावशी १७ तारखेला आल्या, तेव्हा कळले की प्रकरण १२ तारखेलाच निघाले होते, त्या साक्षीसाठी गैरहजर असल्यामुळे 'पुरावा बंद' असा आदेश झाला होता आणि पुढची तारीखही पडली होती. तो आदेश रद्द करून घेण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला आणि खर्चही भरावा लागला. या सगळ्या काळात खरी तारीख शासकीय संकेतस्थळावर, कोणालाही विनामूल्य दिसेल अशी, नोंदलेली होती. ज्याचे प्रकरण आहे त्याला आपली तारीख आणि आपल्या प्रकरणाची अवस्था स्वतः पाहता आली पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

देशभरातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्याचा दुसरा टप्पा २०१५ मध्ये आला आणि तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. न्यायालयातील लिपिक दाव्याची नोंद, तारखा आणि आदेश ज्या प्रणालीत भरतात, तीच माहिती आपल्याला 'सर्व्हिसेस डॉट ईकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर आणि 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या मोबाइल अॅपवर दिसते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, शुल्क नाही आणि वकिलाचा लॉगिनही लागत नाही. पक्षकार, त्याचा मुलगा, गावातील कोणीही शिकलेला माणूस ती पाहू शकतो.

सर्वप्रथम सीएनआर क्रमांक मिळवावा

प्रत्येक प्रकरणाला दाखल होताना सोळा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो, त्याला सीएनआर क्रमांक म्हणतात. दाव्याचा नेहमीचा क्रमांक, उदाहरणार्थ 'रे. दि. दावा १२५/२०१९', प्रत्येक न्यायालयात निराळा चालू होत असल्याने त्याच क्रमांकाचे दावे शेकडो ठिकाणी असू शकतात. सीएनआर मात्र संपूर्ण देशात एकमेव असतो. त्याची रचना समजून घेतली की तो चुकीचा लिहिला गेल्यास चटकन लक्षात येते. समजा क्रमांक 'एमएचएयू ०१ ९९९९९९ २०१५' असा आहे. यातील पहिली दोन अक्षरे राज्याची, म्हणजे महाराष्ट्राची. पुढील दोन जिल्ह्याची. त्यानंतरचे दोन अंक त्या जिल्ह्यातील न्यायालयाच्या आस्थापनेचे. मग सहा अंकी अनुक्रमांक. आणि शेवटी चार अंकी वर्ष. जिल्ह्याचे नाव पुढे बदलले तरी जुन्या प्रकरणांच्या क्रमांकातील अक्षरे बदलत नाहीत, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या दाव्यांत 'एयू' ही अक्षरे पाहून गोंधळून जाऊ नये.

येथे तो देवनागरीत लिहिला असला तरी संकेतस्थळावर तो इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत, मध्ये जागा किंवा आडवी रेघ न देता भरावा. अंक शून्य आणि इंग्रजी 'ओ' हे अक्षर यांची अदलाबदल ही सर्वांत नेहमीची चूक असते. पहिली चार सोडली तर या क्रमांकात सहसा अक्षर येत नाही, त्यामुळे पाचव्या स्थानापासून पुढे जे गोल दिसते ते बहुधा शून्यच असते.

हा क्रमांक दावा दाखल झाल्याच्या पावतीवर आणि अनेकदा समन्सवर छापलेला असतो. आपल्या वकिलांकडे तो असतोच. दावा दाखल झाल्यावर, किंवा आपण प्रतिवादी असाल तर वकीलपत्रावर सही करताना, 'साहेब, सीएनआर नंबर लिहून द्या' एवढे सांगितले, तर कोणताही वकील नाही म्हणणार नाही. तो घरातील दोन माणसांच्या मोबाइलमध्ये आणि कागदपत्रांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावा.

संकेतस्थळ उघडल्यावर 'सीएनआर नंबर' हा पर्याय निवडावा, सोळाही अक्षर-अंक भरावेत, खाली चित्रात दिसणारी वेडीवाकडी अक्षरे चौकटीत लिहावीत आणि शोधाचे बटण दाबावे. चित्रातील अक्षरे नीट वाचता येत नसतील तर बाजूच्या खुणेवर दाबून ती बदलता येतात. प्रकरण सापडल्यास त्याची पूर्ण नोंद समोर येते.

क्रमांक माहीत नसेल तेव्हा

येथे खरी चिकाटी लागते. 'केस स्टेटस' या पर्यायात गेल्यावर आधी राज्य, मग जिल्हा आणि मग न्यायालय संकुल निवडावे लागते. ज्या तालुक्यात न्यायालय आहे त्याचे संकुल निवडावे. आपले गाव ज्या तालुक्यात आहे तेच नेहमी बरोबर असेल असे नाही, कारण दाव्याच्या रकमेप्रमाणे किंवा प्रकारानुसार तो जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढेही असू शकतो. महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कौटुंबिक न्यायालये, औद्योगिक व कामगार न्यायालये, सहकार न्यायालये, तसेच मुंबईतील शहर दिवाणी व सत्र न्यायालय आणि लघुवाद न्यायालय ही जिल्ह्यांच्या यादीतच स्वतंत्र नावांनी दिलेली आहेत. घटस्फोटाची याचिका कौटुंबिक न्यायालयात असेल आणि आपण ती साध्या जिल्ह्याच्या नावाखाली शोधत बसलो, तर ती सापडणार नाही आणि 'केसच नाही' असा चुकीचा निष्कर्ष आपण काढू.

संकुल निवडल्यावर शोधाचे अनेक मार्ग दिसतात: पक्षकाराचे नाव, प्रकरण क्रमांक, फाइलिंग क्रमांक, वकिलाचे नाव, एफआयआर क्रमांक, कायदा आणि प्रकरणाचा प्रकार. फौजदारी प्रकरणात एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणे आणि वर्ष ठाऊक असेल तर तो मार्ग सर्वांत कमी त्रासाचा आहे. फाइलिंग क्रमांक आणि नोंदणी क्रमांक हे दोन वेगळे असतात, हे नवख्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. कागद दाखल झाला की फाइलिंग क्रमांक पडतो आणि तपासणीनंतर प्रकरण नोंदले गेले की नोंदणी क्रमांक मिळतो. दाव्याचा क्रमांक म्हणून लोक जो सांगतात तो बहुधा दुसरा असतो, परंतु हातातील पावतीवर पहिला असू शकतो. एका चौकटीत सापडले नाही तर तोच आकडा दुसऱ्या चौकटीत घालून पाहावा.

प्रकरण क्रमांकाने शोधताना प्रकाराच्या यादीतील इंग्रजी संक्षेप ओळखता आले पाहिजेत. 'आर.सी.एस.' म्हणजे नियमित दिवाणी दावा, 'स्पेशल सी.एस.' म्हणजे विशेष दिवाणी दावा, 'आर.सी.ए.' म्हणजे नियमित दिवाणी अपील, 'आर.सी.सी.' म्हणजे नियमित फौजदारी खटला. धनादेश न वटल्याचे, म्हणजे कलम १३८ चे खटले बहुतेक 'एस.सी.सी.' खाली असतात. मोटार अपघात नुकसानभरपाईसाठी 'एम.ए.सी.पी.' पाहावे, आणि हुकूमनाम्याच्या, म्हणजे दाव्यातील अंतिम आदेशाच्या, अंमलबजावणीसाठी दरखास्त. दावा जिंकून वर्षे गेली तरी ताबा मिळालेला नाही, अशी ज्यांची तक्रार असते, त्यांचे चालू प्रकरण मूळ दाव्याच्या नव्हे तर दरखास्तीच्या क्रमांकाखाली असते, हे विशेष लक्षात ठेवावे.

नावाने शोधताना खरा अडथळा स्पेलिंगचा असतो. नावाची निदान तीन अक्षरे आणि नोंदणीचे वर्ष भरावे लागते, आणि नावे इंग्रजी लिपीत लिहावी लागतात. आता 'चव्हाण' हे आडनाव घ्या. एका लिपिकाने ते मध्ये नुसता 'व्ही' लावून लिहिले असेल, दुसऱ्याने 'व्ही'च्या पुढे 'एच' घातला असेल, तिसऱ्याने 'डब्ल्यू' वापरला असेल. विदर्भातले 'जाधव' अनेकदा शेवटी 'ओ' घेऊन येतात, तर पश्चिम महाराष्ट्रातले 'व्ही' घेऊन. 'भोसले' मधल्या 'ए'सह असतात आणि त्याशिवायही. म्हणून पूर्ण नाव कधीच भरू नये. आडनावाचा जो भाग सर्व प्रकारे सारखाच लिहिला जातो तेवढाच भरावा, किंवा आडनाव सोडून पहिले नाव घ्यावे. 'पाटील' किंवा 'शिंदे' असे आडनाव घातल्यास शेकडो नोंदी येतात, तेव्हा विरुद्ध पक्षाचे नाव अधिक वेगळे असेल तर त्यावरून शोधणे सोपे जाते. अनेक वादी किंवा प्रतिवादी असलेल्या दाव्यात मुख्य नोंदीवर पहिल्याचेच नाव ठळक दिसते, त्यामुळे वडिलांच्या निधनानंतर वारस म्हणून दाव्यात आलेल्या मुलाने आधी वडिलांच्या नावाने शोध घ्यावा. प्रलंबित, निकाली किंवा दोन्ही, असा एक पर्याय तेथे असतो. दावा चालू आहे की निकाली निघाला याची खात्री नसेल तर 'दोन्ही' निवडावे. वर्ष आठवत नसेल तर एकेक वर्ष मागे जात पाहावे. याला अर्धा तास लागला तरी चालेल. सापडताच सीएनआर लिहून घेतला की हे पुन्हा करावे लागत नाही.

समोर आलेली नोंद कशी वाचावी

बहुतेक लोक पुढील तारीख पाहतात आणि पान बंद करतात. माझ्या मते ही मोठी चूक आहे, कारण तारखेच्या खाली आणि बाजूला जे असते तेच अधिक महत्त्वाचे.

नोंदीच्या वरच्या भागात दाखल दिनांक, नोंदणी दिनांक, पहिली तारीख, पुढील तारीख, प्रकरणाचा टप्पा आणि न्यायाधीशांचा हुद्दा असतो. टप्पा हा शब्द नीट पाहावा. 'अनरेडी' असे दिसल्यास प्रतिवादींना नोटीस किंवा समन्स बजावले जाण्याच्या पायरीवर प्रकरण अडकलेले असते, आणि ते किती महिने तसेच आहे हे आपल्या वकिलांना विचारण्याजोगे असते. बेलिफाकडे भत्ता भरला का, पत्ता बरोबर आहे का, असे साधे प्रश्न त्यातून निघतात. 'से' म्हणजे एखाद्या अर्जावर समोरच्या पक्षाचे म्हणणे मागवले आहे. 'इश्यूज' म्हणजे न्यायालय वादाचे मुद्दे काढणार आहे. 'एव्हिडन्स' आले की पक्षकाराने स्वतः हजर राहण्याची तयारी ठेवली पाहिजे, कारण त्या तारखेला गैरहजेरी महागात पडते, मावशींना पडली तशी. 'आर्ग्युमेंट' म्हणजे युक्तिवाद. आपण प्रतिवादी असाल आणि टप्पा लेखी कैफियतीचा, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याचा असेल, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते आणि न्यायालय ती कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते, हे ध्यानात ठेवून लगेच वकिलांना भेटावे.

त्याखाली प्रकरणाचा इतिहास येतो. त्यात प्रत्येक मागची तारीख, त्या दिवशीचे न्यायाधीश, पुढची तारीख आणि ती कशासाठी दिली याचे कारण एका ओळीत असते. यातील मागच्या तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशीच्या कामकाजाची छोटी नोंद उघडते. न्यायालयात ज्याला आपण रोजनामा म्हणतो, त्याचाच हा सार होय. 'वादी व वकील हजर, प्रतिवादी गैरहजर, मुदतीचा अर्ज मंजूर' अशी ती असते. लागोपाठ पाच-सहा तारखांचे रोजनामे सलग वाचले, की मुदती कोण मागतो आहे, साहेब रजेवर असल्याने किती वेळा तारीख पुढे गेली आणि आपल्या बाजूने काही राहिले आहे का, याचे चित्र उभे राहते. वकिलांवर संशय घेण्यासाठी हे वाचू नये. त्यांच्याशी बोलताना 'काय झाले?' असे मोघम विचारण्याऐवजी 'निशाणी ५ च्या अर्जावर (म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) आदेश कधी होईल?' असे नेमके विचारता यावे, यासाठी वाचावे. असा प्रश्न आला की बहुतेक वकील आनंदाने आणि सविस्तर उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

प्रकरण निकाली निघाले असेल तर निकालाचे स्वरूपही दिसते, आणि ते 'कंटेस्टेड' (दोन्ही बाजूंनी लढवलेले) की 'अनकंटेस्टेड' (न लढवता संपलेले) हेही. अनकंटेस्टेडच्या पुढे 'डिसमिस्ड इन डिफॉल्ट' असे असेल तर वादी गैरहजर राहिल्याने दावा काढून टाकला गेला आहे. तो पुन्हा फाइलवर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. आपल्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाल्याचे दिसले तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जालाही ३० दिवसच असतात, आणि समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर ते हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले जातात. त्यामुळे अशी नोंद पाहिली तो दिवस लिहून ठेवावा आणि त्याच आठवड्यात वकिलांकडे जावे.

आदेश आणि नक्कल

नोंदीच्या शेवटी अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल यांच्या पीडीएफ प्रती असतात. त्या उतरवून घेऊन वाचता येतात. अनेक आदेश मराठीतच असतात. मात्र या प्रतीवरच ती प्रमाणित प्रत नसल्याची सूचना असते, आणि ती गंभीरपणे घ्यावी. अपील करायचे असेल, सातबाऱ्यावर नोंद घालायची असेल किंवा दुसऱ्या कार्यालयात आदेश सादर करायचा असेल तर नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कलच घ्यावी लागते. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाची मुदत ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस आहे. नक्कल मिळवण्यास लागणारा आवश्यक काळ या मुदतीतून वगळला जातो, पण तो अर्ज दिल्यापासून मोजला जातो. म्हणून निकाल पडद्यावर वाचून समाधान मानून न राहता नकलेचा अर्ज शक्यतो दुसऱ्याच दिवशी द्यावा.

बोर्ड, संदेश आणि अॅप

तारखेच्या आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी 'कॉज लिस्ट' उघडून त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशी निघणाऱ्या प्रकरणांची यादी, पाहावा. दिवाणी आणि फौजदारी बोर्ड वेगळे असतात. आपले प्रकरण बोर्डावर आहे का आणि कितव्या क्रमांकावर आहे, हे कळले की गावाहून कोणत्या गाडीने निघायचे ते ठरवता येते. बोर्डावर दिसले नाही म्हणून घरी बसू नये. आधी वकिलांना फोन करावा.

अॅपमध्ये एकदा सीएनआरने प्रकरण शोधले की ते 'माय केसेस'मध्ये जतन करता येते आणि पुढे एका बोटाने सर्व तारखा ताज्या होतात. भावकीत तीन-चार दावे चालू असणाऱ्या घरांना याचा फार उपयोग होतो. ही यादी त्या मोबाइलमध्येच राहते, म्हणून मोबाइल बदलण्यापूर्वी ती बाहेर काढून ठेवण्याचा पर्याय वापरावा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी इंग्रजीत 'ईकोर्ट्स' हा शब्द, एक जागा आणि मग सीएनआर असा संदेश ९७६६८९९८९९ या क्रमांकावर पाठवावा. प्रकरणाची स्थिती संदेशाने परत येते. मावशी आता हाच मार्ग वापरतात; त्यांच्या फोनमध्ये तो संदेश एकदा लिहून ठेवला आहे, तारखेच्या चार दिवस आधी त्या तोच पुन्हा पाठवतात.

जे येथे सापडणार नाही

मुंबई उच्च न्यायालयाचे प्रकरण त्या न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ई-कोर्ट्सच्या उच्च न्यायालयांसाठीच्या वेगळ्या पानावर पाहावे. तेथे आधी खंडपीठ निवडावे लागते: मुंबई, नागपूर, औरंगाबाद किंवा गोवा. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याकडे आहेत, त्यामुळे या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांनी आपले प्रकरण आता कोठे आहे हे वकिलांकडून पक्के करून घ्यावे. उच्च न्यायालयात नोंदणीपूर्वी 'स्टॅम्प नंबर' असतो आणि कार्यालयीन त्रुटी दूर झाल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. शोधताना योग्य तो पर्याय निवडावा. सर्वोच्च न्यायालयात डायरी क्रमांकाने शोध घेता येतो.

तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी यांच्यापुढील महसुली अपिले, फेरफाराच्या तक्रारी, रस्त्याचे दावे हे ई-कोर्ट्सवर नसतात, कारण ती दिवाणी न्यायालये नव्हेत. त्यांच्यासाठी राज्याची ई-क्यूजे कोर्ट ही वेगळी प्रणाली आहे. ग्राहक आयोगांच्या तक्रारींसाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळ आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितांची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई असल्याने तेथे नावे किंवा आदेश दिसले नाहीत तर तो दोष मानू नये.

खोटे समन्स ओळखण्यासाठी

'तुमच्यावर केस दाखल झाली आहे, अटक टाळण्यासाठी पैसे भरा' असे फोन आणि संदेश हल्ली येतात, आणि त्यासोबत न्यायालयाचा शिक्का असलेला कागदही पाठवला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे बनावट संकेतस्थळ तयार झाल्याबद्दल त्या न्यायालयाच्या निबंधक कार्यालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर सूचना काढली होती. असा कागद आला तर त्यावरील दुव्यावर न जाता स्वतः ई-कोर्ट्सचा पत्ता टाइप करावा, पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असल्याचे पाहावे आणि कागदावरील क्रमांक तेथे शोधावा. कोणतेही न्यायालय फोनवर पैसे मागत नाही.

नोंद चुकीची किंवा अपुरी दिसली तर

तारीख झालेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवी तारीख चढली नाही तर काळजी करू नये. काम जास्त असेल तर नोंद दुसऱ्या दिवशी होते. दोन-तीन दिवसांनंतरही जुनीच तारीख दिसत असेल, किंवा वकिलांनी सांगितलेली तारीख आणि पडद्यावरची तारीख वेगवेगळी असेल, तर त्या न्यायालयाच्या कारकुनांकडे सीएनआर घेऊन जावे आणि मूळ रोजनाम्यावरील तारीख विचारावी. मतभेद झाल्यास तीच खरी मानली जाते. नाव किंवा वय चुकीचे नोंदले गेले असल्यास वकिलांमार्फत दुरुस्तीचा अर्ज द्यावा. ज्यांना हे सर्व स्वतः करणे जमणार नाही त्यांनी न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात जावे. तेथे प्रकरणाची स्थिती व पुढील तारीख सांगणे आणि नकलेसाठी ऑनलाइन अर्ज करून देणे ही कामे केली जातात. जाताना जुना समन्स किंवा दाव्याची पावती बरोबर न्यावी, म्हणजे नावावरून शोधत बसावे लागत नाही.